घट

सिरपूरच्या तलावावर पहाटे साडेपाचला
मी काटा मांडतो.
सराफ्यात चाळीस वर्षं मांडला, तोच हात.
आता पारड्यात सोन्याऐवजी
जुन्या पंच्याची पिशवी असते, हिने शिवलेली,
शिवण बाहेरून; आत दोरा राहिला तर नखात अडकतो.
पिशवी आधी रिकामी तोलायची,
मग भरलेली.
पिशवी हलते. आकडा थरथरतो.
सोनं असं कधी करत नसे.

ईशानी खानवलकर म्हणते, काका, ग्रॅममध्ये सांगा.
आठ पॉइंट सात, मी सांगतो.
मनात म्हणतो, पाऊण तोळा.
इतक्यात एक अंगठी होते, तीही बारीकच,
आणि हा वटवट्या कझाकस्तानातून आला म्हणे,
वाटेत कुठेही गहाण न पडता.

त्याच्या पायातलं वळं
गुंजेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं.
घालण्याआधी ती ते माझ्याकडे देते.
मी कड जिभेच्या टोकाला लावून बघतो.
एकदा नऊ वळी परत केली, खरखरीत होती.
त्या दिवशी नऊ पक्षी बिननंबरी उडाले.
ती चिडली, माझ्यावर नाही,
वळी पाठवणाऱ्यांना लांबलचक पत्र लिहिलं.

रविवारी मोजणारे येतात.
बँकेतले तारे, औषधाच्या दुकानातला वसीम,
मल्हारगंजच्या दोन मुली एका दुर्बिणीवर भांडत.
वारकरी बदकं तारे दोनशे चौदा म्हणतात,
मुली दोनशे एकतीस.
ईशानी दोन्ही आकडे लिहिते.
पेढीवर असं लिहिलं असतं
तर माझ्या बापाने वही तलावात फेकली असती.

पहिल्या हिवाळ्यात एक गेला.
जाळं दर वीस मिनिटांनी बघायचं, पाळी माझी होती,
आणि मी चौकीदार भेरूलालशी
त्याच्या मुलीच्या पाटल्यांबद्दल बोलत बसलो.
पस्तीस मिनिटं झाली असतील.
जाळ्यातून काढला तेव्हा मान सैल.
काय सुचलं कोण जाणे, मी तोलला.
आठ पॉइंट चार.
जिवंत असता तरी एवढाच भरला असता.
काट्याला फरक कळला नाही.

ईशानीने रकाना भरला: मृत, एक.
कारण: उशीर.
मी म्हटलं, नाव घाल माझं.
ती म्हणाली, नावाचा रकाना नाही, काका,
आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.

सोनाराच्या धंद्यात घट धरलेली असते.
वितळवताना जाते, घासताना जाते,
कानशीच्या दातांत जाते.
पण पेढीचा केर झारेकरी घेऊन जायचा,
धुऊन धुऊन त्यातूनही दोन गुंजा काढायचा.
जाळ्याखाली मीही वाकून बघितलं.
एक पीस, चिखल, बाभळीच्या शेंगा.

हजारात एखादा जातो, ती म्हणते,
जगभरचा आकडा आहे.
मग थोडं थांबून म्हणते,
आपला एखादाही नको.

आज हातात आला तो चोच उघडी टाकून.
छाती अशी चाललेली
की बोटांना ठोके वेगळे मोजता येईनात.
पापणी अर्धी खाली.
मी काटा शून्यावर आणून तयार,
ती वळं पक्कडीत धरून तयार.
भेरूलाल लांबूनच म्हणाला, छोड दो भिया.
तिने माझ्याकडे बघितलं,
मी काटा बंद केला.

बोरूच्या सावलीत तळहात उघडा ठेवून
ती उकिडवी बसली.
तो गेला नाही. बसून राहिला.
मुली श्वास रोखून, वसीम कुठे तरी तिसरीकडे बघत,
जणू कुणी कपडे बदलतंय.
मग तळहात रिकामा होता.
उडताना मला दिसलाच नाही.

वहीत आजची ओळ:
वजन नाही. वळं नाही. वय कळलं नाही. सोडला.

बापाच्या हिशेबात ही ओळ
बुडीत खात्यात गेली असती.
मी ती दोनदा वाचली,
आणि काटा पेटीत ठेवताना
पिशवी पुन्हा एकदा, उगीचच,
रिकामी तोलून बघितली.